सातबारा नसलेल्यांचा दुष्काळ

दोस्तांनो, दुष्काळ सगळ्यांना सारखाच भाजतो ही शुद्ध थाप आहे. भाजल्याचं दाखवायलासुद्धा सातबारा लागतो.

२०१८च्या ऑक्टोबरात सरकारनं १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले. पिकाची मदत हेक्टरी. हेक्टर कुणाचे? ज्याच्या नावावर उतारा, त्याचे. मराठवाड्यात आपली माणसं वर्षानुवर्षं गायरान कसतात. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. १४ एप्रिल १९९०पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची वहिवाट कायम करा, असा सरकारी निर्णय १९९१ला निघाला. कागद निघाला, पण कितीतरी जणांचं नाव सातबाऱ्यावर अजून चढलंच नाही. त्यांचं पीक जळलं तरी सरकारदप्तरी काहीच जळत नाही.

चारा छावणी निघते. निघू द्या, मुकी जनावरं जगलीच पाहिजेत. पण ज्याच्या दावणीला जनावरच नाही त्यानं कुठल्या छावणीत जायचं? तो कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. ज्या उसानं पाणी पिलं, तोच तोडायला! २०१६ला लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पण ऊस काही हटला नाही.

मेंढरं घेऊन फिरणारा धनगर गायरानाला कुरण म्हणतो, आपण शेत म्हणतो. गावातले धनदांडगे दोघांची जुंपून देतात. हा डाव ओळखा. तोही आपल्यासारखाच उपाशी आहे.

मी गोदीत पोती उचलतो. माझ्या शेजारचे खांदे अशाच करपल्या गावांतून आलेत.

१९२७ला महाडला बाबासाहेबांनी पाण्यावरचा हक्क बजावला. आता टँकरची भीक नको. जमीन नावावर करा, पाण्यात वाटा द्या!