चेहऱ्यावरची लाली

मोत्यांच्या व्यापारानिमित्त जपानमधील कोबे येथे राहिलेल्या जैन घराण्यांना हे दृश्य परिचयाचे आहे. सौदा पार पडल्यावर मेजवानी होते, आणि मद्याचा पहिला पेला अर्धा होतो न होतो तोच एखाद्या यजमानाचा चेहरा कानांपर्यंत लाल होतो. पाहुण्यास वाटते, गृहस्थाला लवकर चढली. वास्तविक ती नशा नव्हे. अंगात विष साचल्याची ती खूण असते.

मद्याचे यकृतात प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड होते. हा पदार्थ पेशींतील डीएनएला इजा करतो. पुढे एएलडीएच-२ नावाचे विकर त्याचे निरुपद्रवी अ‍ॅसिटेट करते. जपान, चीन, कोरिया या देशांत सुमारे तिघांपैकी एकाच्या जनुकात एका अक्षराचा फरक असतो. त्यामुळे हे विकर लुळे पडते आणि विष रक्तात रेंगाळते. अशा व्यक्तीने पिणे चालूच ठेवल्यास अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

मोठ्या आतड्याची गोष्ट निराळी. तेथे पोहोचलेल्या मद्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड जिवाणूही करतात, आणि त्याचा निचरा करण्याची आतड्याच्या अस्तराची शक्ती मुळातच तोकडी असते. दुबळ्या जनुकाच्या माणसांना हा कर्करोग अधिक व्हावा, असा तर्क कोणीही करील; पण अनेक पाहण्यांत तो उलट कमीच आढळला! कारण साधे आहे. त्रास होतो, म्हणून ही माणसे पीत नाहीत, किंवा थोडेच पितात. चीनमधील सुमारे १,५०,००० व्यक्तींच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही अशा पुरुषांत मद्याशी निगडित कर्करोग कमी दिसले. स्त्रियांत तो फरक दिसला नाही, कारण तेथील स्त्रिया क्वचितच मद्य घेतात.

भारतीयांत हे जनुक अत्यंत विरळ. त्यामुळे व्यवहारासाठी परदेशी गेलेला आपल्याकडचा तरुण लाल होत नाही, आणि ‘मला सोसते’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. हिशेबातली ही चूक महागात पडणारी आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगास मद्य कारणीभूत ठरते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच दिला आहे, आणि तो केवळ लाल होणाऱ्यांपुरता नाही.

नकार दिल्यास व्यवहार बिघडेल, अशी धास्ती अनेक घरांतील मुलांना असते. जपानी मेजवानीत न पिणाऱ्यास ‘गेको’ म्हणतात. त्याच्यापुढे ऊलाँग चहाचा पेला येतो आणि बोलणी पुढे चालू राहतात.