पायताण उंबऱ्याच्या आत आलं, त्याची गोष्ट

गेल्या जयंतीच्या तयारीची बैठक होती. वस्तीतला एक पोरगा पाच मिनिटं उशिरा आला. चळवळीत हयात घालवलेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांची नजर त्याच्या पायांकडे गेली आणि त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "केवढ्याचे रे हे?" पोरगा खोटं बोलला नाही. "सोळा हजार," म्हणाला. मग अर्धा तास आपली तरुण पिढी चंगळवादानं कशी वाया गेली यावर व्याख्यान झालं आणि मिरवणुकीच्या मार्गाचा विषय राहूनच गेला. वर्गणीचं पाकीट त्यानं सगळ्यात आधी दिलं होतं, हे तेवढ्यात कुणालाच आठवलं नाही. आम्हालाही नाही. म्हणून हा लेख.

हा पोरगा एमआयडीसीत नोकरी करतो. त्याच्याकडे स्नीकरचे तेवीस जोड आहेत. घर दोन खोल्यांचं. ज्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत, तिच्या समोरच्या भिंतीला खोक्यांची चळत. प्रत्येक खोक्यावर आतल्या बुटाचा फोटो चिकटवलेला. आत सिलिका जेलच्या पुड्या, बुटाचा आकार मोडू नये म्हणून कागदाचे बोळे. सुएडला वेगळा ब्रश, जाळीच्या कापडाला जुना टूथब्रश. चालताना पुढच्या भागाला घडी पडू नये म्हणून आत बसवायचं प्लास्टिकचं कवचसुद्धा त्याच्याकडे आहे. नवीन जोड बाजारात यायचा असला की मोबाईलला गजर लावून बसतो. ऑनलाईन सोडतीत नंबर लागला तर ठीक, नाहीतर तोच जोड रिसेलवाल्याकडे दुप्पट भावानं. फर्स्ट कॉपी पायात घालणाऱ्यांविषयीचं त्याचं मत इथं लिहिण्यासारखं नाही. रविवारी वंदनेला आला की विहाराच्या दारालगतच बसतो. डोळे मिटायच्या वेळी त्याचा एक डोळा बाहेर असतो, हे आम्ही स्वतः पाहिलंय.

त्याची आजी म्हणते, "आमाला पायात घालायला न्हवतं, आणि ह्यो उशाला घिऊन झोपतोय." हे ती रागानं म्हणते की कौतुकानं, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. चावडीपुढून जाताना पायताण हातात घेऊन चालायचं, हे तिनं लहानपणी पाहिलेलं आहे.

चंगळवादाचा आरोप करणाऱ्यांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' पुन्हा उघडावं. १९३६ च्या त्या भाषणात बाबासाहेबांनी दिलेली उदाहरणं आठवा. गुजरातेतल्या झानू गावी अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यातून पाणी आणू लागल्या म्हणून त्यांना मारहाण झाली. चकवाऱ्यात जेवणावळीत तूप वाढलं म्हणून हल्ला झाला. इंदूरकडच्या बलाई लोकांना हुकूम सुटला की जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. भांडं, तूप, पागोटं, धोतराचा काठ. ही यादी वस्तूंचीच आहे. मारणारा वस्तू पाहून मारत होता, कारण वस्तू कुणाच्या अंगावर आहे हे त्याला बघवत नव्हतं. आजही नवरदेव घोडीवर बसला, पोरानं मिशी ठेवली, चांगले बूट घातले म्हणून आपल्या लोकांना मारल्याच्या बातम्या येतात. अशा देशात आपल्या पोराच्या पायातला महागडा बूट नुसता शौक म्हणून मोजता येत नाही. बाबासाहेबांनी सूट-बूट का घातला याचं उत्तर आपण दर १४ एप्रिलला भाषणात देतो आणि १५ तारखेला विसरतो.

एम.ए.ला आम्ही समाजशास्त्रात श्रीनिवासांचं संस्कृतीकरण शिकलो: खालच्या जाती वरच्यांचं अनुकरण करून वर सरकू पाहतात. हा सिद्धांत या पोराला लागू करायला गेलो आणि फसलो. ज्या संस्कृतीत चामडं विटाळाचं, पायताणाची जागा उंबऱ्याबाहेर, तिथं याच्या घरात बूट कपाटात, आणि तोही रोज पुसलेला. यात ब्राह्मणाचं अनुकरण कुठं आहे? त्याचा धागा थेट काळ्या अमेरिकेशी जुळतो. १९८५ साली मायकेल जॉर्डनच्या नावाचा बूट आला आणि शहरी काळ्या पोरांनी त्याला प्रतिष्ठेचं चिन्ह करून टाकलं. त्याआधी १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस पदक घ्यायला बूट काढून, नुसत्या काळ्या मोज्यांवर चढले होते. काळ्यांचं दारिद्र्य जगाला दिसावं म्हणून पाय उघडे, आणि वर काळ्या हातमोज्यातली मूठ. त्यांचे बूट तिथंच चौथऱ्यावर ठेवलेले होते. बूट घालणं आणि बूट काढणं, दोन्ही राजकारण असू शकतं. ब्लॅक पँथरचं नाव घेऊन १९७२ मध्ये आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली. तिच्या वारसांना हे वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत आम्ही पोराच्या बाजूनं आहोत. आता त्याच्याशी भांडण.

त्याला एअर जॉर्डन १ चं डिझाईन पीटर मूरनं केलं हे पाठ आहे. ३ नंबरचा टिंकर हॅटफिल्डचा, १९८८ चा, हेही पाठ. आम्ही विचारलं, "सुभाषनगरातल्या एका कारागिराचं नाव सांग." गप्प. घरापासून गाडीवर दहा मिनिटांचं अंतर. "तुझ्या कलेक्शनमध्ये कोल्हापुरी का नाही?" तर म्हणाला, "ते कलेक्शनमध्ये येत नाही, दादा. ते आपलं लग्नात घालायचं."

बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, थरावर थर, खिळा न मारता चामड्याच्या वादीनं घातलेली शिवण, बायकांच्या हातची वेणी. याचे कापशीसारखे गावांची नावं मिरवणारे प्रकार आहेत. कारागिराचं नाव मिरवणारा एकही नाही. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. चांगलं झालं. पण मानांकनही भूगोलालाच मिळालं.

मग जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या मंचावर तशाच चपला चालवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. केवढा गहजब झाला! कोल्हापूरची अस्मिता, महाराष्ट्राचा अभिमान, भारताचा वारसा. आम्ही तेव्हा बहुतेक सगळी निवेदनं वाचली. 'चर्मकार' हा शब्द त्यांत शोधावा लागत होता. जे घराणं पिढ्यान्‌पिढ्या चामड्याच्या वासामुळं गावाबाहेर राहिलं, त्याची वस्तू परदेशी चोरीला गेल्यावर एका रात्रीत सगळ्या गावाची झाली. पुढं डिसेंबरात प्राडानं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकच्या लिडकर महामंडळाबरोबर करार केला. २००० जोड, किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजारांच्या वर. जगभरचे संग्राहक त्यांच्यासाठीही गजर लावतील. त्यातले किती पैसे रापी धरणाऱ्या हातात पडतील, हा प्रश्न आपण विचारत राहिलं पाहिजे.

पण 'आपण' म्हणजे कोण? इथं आमचंच बोट आमच्याकडे वळतं. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं आणि आमच्या आज्या-पणज्यांनी ते सोडलं. आमचं माणूसपण त्यातून उभं राहिलं, याबद्दल दुमत नाही. पण ते सोडताना, चामडं हाच ज्यांचा धंदा होता त्यांच्याकडे आम्ही नकळत वरून बघायला लागलो. चर्मकार आमच्यापासून दूर राहिले असं आपण सर्रास म्हणतो. आपण त्यांच्या दारात किती वेळा गेलो? १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेत बाबासाहेबांच्या शेजारी बसून चिटणिसाचं काम करणारे सीताराम शिवतरकर चर्मकार समाजातले होते. आज आपल्या किती मंडळांचा चिटणीस चर्मकार आहे? सोयरिकीचा विषय काढला तर बैठक मिरवणुकीच्या मार्गापर्यंतसुद्धा पोचणार नाही.

पोराला घेऊन आम्ही एका कारागिराच्या घरी गेलो. साठीचे गृहस्थ. त्यांनी आधी पोराच्या पायातला जोड मागून घेतला. वाकवून पाहिला, नाकाजवळ नेला, शिवणीवरून अंगठा फिरवला. "टाके मशीनचे हाईत, पण सरळ हाईत," म्हणाले. "आणि ह्यो तळ?" पोरानं खाली बघत सांगितलं की पॉलियुरेथेनचा असला तर काही वर्षांत हवेतल्या ओलाव्यानं भुगा होतो, न घालता खोक्यात ठेवला तर लवकरच. त्याचे दोन जोड कोल्हापूरच्या पावसाळ्यानं असेच गेलेत. म्हातारबा मनापासून हसले. त्यांचा स्वतःचा मुलगा या धंद्यात नाही. तो कुरिअर पोचवतो, आणि त्यालाही असलेच बूट पाहिजेत.

मग त्यांनी पुठ्ठ्यावर पोराचा पाय ठेवून पेन्सिलीनं कड ओढली आणि आठ दिवसांनी या म्हणाले. पैसे ठरले. निघताना पोरगा दारात थांबला.

"मामा, तळाला तुमचं नाव घालाल काय?"

"माझं?" त्यांनी आरी खाली ठेवली. "दुकानवाल्याला कळलं तर पुढचा माल घील व्हय माझा?"

"ही जोडी दुकानात जातच न्हाई की."

म्हातारबांनी बायकोकडे पाहिलं. ती वेणी वळत बसली होती. "दोघांचं घाला," ती मान वर न करता म्हणाली.