वाट काढून देणारा गडी

मार्च आला की अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये हिशेबाचे दिवस सुरू होतात. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाच्या करारात पैसे वाचवायचे, याची आकडेमोड प्रत्येक संघाच्या कचेरीत चालते. २०२५च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनं अशीच आकडेमोड केली आणि काइल यूझचेक या फुलबॅकचं नाव यादीतून खोडलं. आठ हंगाम त्यांच्याकडे खेळलेला, पुढच्याच महिन्यात चौतीस पूर्ण करणारा गडी. काही दिवसांतच तेच नाव त्यांना पुन्हा लिहावं लागलं. दोन वर्षांचा करार झाला, ८० लाख डॉलरचा.

त्या महिन्यात इथे, सॅन फ्रान्सिस्को बे एरियात, क्रीडापानांवर याहून मोठे मथळे होते. प्रेक्षकांचा लाडका डीबो सॅम्युएल वॉशिंग्टनला गेला होता. याच संघातले ड्रे ग्रीनलॉ आणि तालानोआ हुफांगा डेन्व्हरला गेले होते. संघ जवळजवळ विस्कटल्यासारखा दिसत होता आणि यूझचेकच्या परतीची बातमी कुठेतरी खाली, चार ओळींत होती. मला मात्र त्या सगळ्या गदारोळात तीच बातमी मोलाची वाटली.

हा खेळ आपल्याकडच्या फुटबॉलहून वेगळा. अकराविरुद्ध अकरा, लंबगोल चेंडू, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो आणि आपणही त्याच्यामागे फिरतो. पण प्रत्येक खेपेला चेंडू अकरापैकी दोघा-तिघांच्याच हाताला लागतो. बाकीचे काय करतात? धावायची चाल असेल तर जवळजवळ सगळे ब्लॉक करतात. समोरच्या रक्षकाला खांद्यानं, छातीनं, तळहातांनी अडवायचं, रेटायचं, वाटेतून दूर करायचं. धरून मात्र ठेवायचं नाही. जर्सी मुठीत आवळलेली पंचांना दिसली की संघ दहा यार्ड मागे.

माझा भाचा फ्रीमाँटच्या शाळेत गार्ड म्हणून, म्हणजे पुढच्या फळीत (लाइनमध्ये), खेळायचा. हा खेळ पाहायला मला त्यानं शिकवलं. "मावशी, चेंडू सोड. आधी गार्डचे पाय बघ, मग फुलबॅक कुठे निघालाय ते बघ. धाव कुठून जाणार ते तुला कॅमेऱ्याच्या आधी कळेल." इथे बे एरियात हंगाम गणपतीच्या आसपास सुरू होतो आणि संक्रांतीला बाद फेरी ऐन रंगात आलेली असते. मधली दिवाळी रविवारच्या सामन्यांतच जाते. चकलीचं ताट फिरतं, लाल जर्सी घातलेली पोरं जमिनीवर बसतात, आणि धावक सुटला की सगळं घर ओरडतं. भाचा त्या सगळ्यांच्या आधी ओरडतो.

फुलबॅकची जागा चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या मागे आणि बहुतेक वेळा मुख्य धावकाच्या पुढे असते. एके काळी ती मोठ्या मानाची होती. क्लीव्हलंडचा जिम ब्राउन, मायामीचा लॅरी झोंका, पिट्सबर्गचा फ्रँको हॅरिस हे सगळे फुलबॅकच, आणि चेंडू घेऊन धावणारे. पुढे धावायचं काम मागच्या गड्याकडे गेलं, फुलबॅककडे धडक उरली. मग फेकीचा खेळ वाढला, संघ फेक झेलणारे तीन-तीन, चार-चार रिसीव्हर उभे करू लागले आणि फुलबॅकची धडकही नकोशी झाली. ताफ्यात ५३ जणच ठेवता येतात. त्यातली एक जागा या माणसाला द्यायला बहुतेक प्रशिक्षक आज तयार नसतात.

या कामाची अधिकृत नोंदही होत नाही. धावकाचे यार्ड मोजतात, रिसीव्हरचे झेल मोजतात, बचावपटूच्या पकडी मोजतात. ब्लॉक कोणी मोजत नाही. लोरेन्झो नील नावाचा फुलबॅक होऊन गेला. १९९७पासून २००७पर्यंत सलग अकरा हंगाम त्याच्या मागून धावणाऱ्या कोणी ना कोणी हजाराच्या वर यार्ड काढले. संघ बदलले, धावक बदलले, पुढे नील कायम. २००६ साली लाडेनियन टॉमलिन्सननं एका हंगामात ३१ टचडाउनचा, म्हणजे चेंडू ३१ वेळा समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याचा, विक्रम केला, तेव्हाही सॅन डिएगोत त्याला वाट काढून देणारा नीलच होता. विक्रमाच्या पुस्तकात टॉमलिन्सन आहे. तो असायलाच हवा. नीलचं नाव मात्र खेळातल्या जाणत्या माणसांच्या तोंडीच राहिलं.

काइल शॅनहन २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोचा प्रशिक्षक झाला, तेव्हा आदल्या हंगामात संघानं १६पैकी २ सामने जिंकले होते. सगळीकडेच भगदाडं. अशा वेळी त्यानं आणि सरव्यवस्थापक जॉन लिंचनं आल्याआल्या बाल्टिमोरच्या यूझचेकला चार वर्षांसाठी २ कोटी १० लाख डॉलरचा करार दिला. फुलबॅकसाठी एवढी रक्कम म्हणून त्यांच्यावर टीका झाली. पण शॅनहन फुलबॅकचं मोल घरातच पाहत वाढला होता. त्याचे वडील माइक शॅनहन यांच्या डेन्व्हर संघानं १९९७ आणि १९९८ अशा लागोपाठच्या दोन हंगामांत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्यातल्या दुसऱ्या हंगामात टेरेल डेव्हिसनं २,००८ यार्ड काढले. त्याच्यापुढे हॉवर्ड ग्रिफिथ नावाचा फुलबॅक होता.

यूझचेकमध्ये शॅनहनला ग्रिफिथपेक्षा अधिक काही सापडलं. हार्वर्डमध्ये तो टाइट एंड, म्हणजे ब्लॉकही करणारा आणि फेकही झेलणारा गडी, म्हणून खेळला होता, त्यामुळे चेंडू झेलायची त्याला सवय होती. त्यातून काय साधतं, ते जरा सावकाश पाहू. समजा, मैदानात दोन बॅक (फुलबॅक आणि धावक), एक टाइट एंड आणि दोन रिसीव्हर आले. समोरच्या प्रशिक्षकाला तत्काळ ठरवावं लागतं: तिसरा धिप्पाड लाइनबॅकर ठेवायचा, की त्याला बसवून चपळ कॉर्नरबॅक आणायचा? लाइनबॅकर ठेवला, तर यूझचेक मागून निघून कडेला जाऊन उभा राहतो, आणि त्या जड गड्याला मोकळ्या मैदानात त्याच्यामागे पळावं लागतं. कॉर्नरबॅक आणला, तर यूझचेक परत आत येतो आणि त्या हलक्या पोराच्या अंगावर १०६ किलोचा माणूस सुसाट येतो. शॅनहन माणसं बदलत नाही, म्हणून समोरच्यालाही बदलायला सवड मिळत नाही. तेच अकरा जण एकदा धावायच्या तयारीत दिसतात, एकदा फेकीच्या.

चेंडू सुटण्याआधीही यूझचेक एका जागी थांबत नाही. डावीकडून उजवीकडे सरकतो, मध्येच थबकतो, परत फिरतो. त्याच्याबरोबर बचावातलं कोण हललं, कोण जागीच राहिलं, यावरून क्वार्टरबॅकला समोरच्यांचा बेत ओळखता येतो. एकाच सामन्यात तो लाइनबॅकरला समोरून भिडतो. लाइनच्या मागून आडवा जाऊन पलीकडच्या टोकावरच्या सव्वाशे किलोच्या रक्षकाला अडवतो. क्वार्टरबॅकच्या अंगावर येणाऱ्याला रोखतो, टाइट एंडच्या जागी उभा राहतो, आणि किकच्या वेळी विशेष पथकातही धावतो.

बघणाऱ्याला हे निव्वळ ताकदीचं काम वाटतं. पण स्वतःहून वीस किलो जड माणसाला ताकदीनं हलवता येत नाही. तो कुठल्या कोनातून येणार हे आधी ओळखावं लागतं, कंबर त्याच्या कंबरेखाली न्यावी लागते, हात त्याच्या हातांच्या आत घालावे लागतात, आणि भिडल्यावर पाय चालूच ठेवावे लागतात. हे अर्ध्या सेकंदात, आणि बहुतेक वेळा पळता पळता. त्यातून बचावानं ऐनवेळी मांडणी बदलली तर आपलं लक्ष्यही बदलायचं, तेही कोणी न सांगता. म्हणून असे गडी थोडे असतात.

१९ जानेवारी २०२०चा सामना मी विसरणार नाही. सांता क्लाराचं लीव्हाइज स्टेडियम, समोर ग्रीन बे पॅकर्स, जिंकणारा सुपर बोलला जाणार. क्वार्टरबॅक जिमी गारोपोलोनं सबंध सामन्यात फक्त ८ फेकी केल्या. आजच्या फुटबॉलमध्ये हे जवळजवळ अशक्य मानतात. संघ ४२ वेळा धावला आणि २८५ यार्ड मिळवले. रहीम मॉस्टर्टनं त्यातले २२० यार्ड आणि ४ टचडाउन एकट्यानं केले. तोपर्यंत सहा संघांनी त्याला सोडून दिलं होतं. सामना ३७-२० असा जिंकला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे मॉस्टर्ट होता आणि त्या दिवशीचं कौतुक त्याच्या हक्काचंच होतं. पण सामना पुन्हा पाहिला की लक्षात येतं, कोणाचा हात लागण्याआधीच तो कितीतरी वेळा पाच-सहा यार्ड पुढे गेलेला असायचा. ती मोकळी जागा लाइनच्या पाच जणांनी, जॉर्ज किटल या टाइट एंडनं आणि यूझचेकनं केलेली होती.

पुढचा सामना मायामीत, कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध सुपर बोल. त्यात यूझचेकनंच गारोपोलोची फेक झेलून १५ यार्डांचं टचडाउन केलं आणि १०-१० अशी बरोबरी करून दिली. तो सामना संघ ३१-२० असा हरला. २०२३ साली ख्रिश्चन मॅकॅफ्रीनं १,४५९ यार्डांसह अख्ख्या लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि आक्रमणातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्यापुढेही हाच होता. २०१६पासून २०२४पर्यंत यूझचेक सलग नऊ हंगाम प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंत, निवडला गेला, पहिल्यांदा बाल्टिमोरकडून, मग आठ वेळा सॅन फ्रान्सिस्कोकडून.

जगात हे आडनाव पोचलं ते मात्र एका जाकिटामुळे. जानेवारी २०२४मध्ये त्याची पत्नी क्रिस्टिन हिनं बनवलेलं जाकीट टेलर स्विफ्टनं चीफ्सच्या सामन्याला घातलं, आणि त्याच महिन्यात लीगनं क्रिस्टिनला कपड्यांसाठी परवाना दिला. तिच्या हातात मोठं कसब आहे आणि तिला मिळालेलं यश तिच्या मेहनतीचं. तरीही नवऱ्याचं काम इतकी वर्षं कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांसमोर चाललं असताना फार थोड्यांनी ते पाहिलं, याचं मला वाईट वाटतं.

आता त्या मार्चच्या हिशेबाकडे. २०२४चा हंगाम वाईट गेला होता. १७पैकी ६ विजय, आणि मॅकॅफ्री दुखापतींमुळे फक्त ४ सामने खेळलेला. शिवाय क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीचा नवा करार दारात उभा होता. मे महिन्यात तो झाला, पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाख डॉलर. २०२५साठी प्रत्येक संघाला २७ कोटी ९२ लाख डॉलरची वेतनमर्यादा होती, त्यात सगळे बसवायचे. पर्डीच्या पैशांबद्दल माझी तक्रार नाही. कॉलेजच्या खेळाडूंच्या २०२२च्या निवडीत तो २६२वा, म्हणजे अगदी शेवटचा होता, आणि तिथून त्यानं ही जागा कमावली आहे. पण पर्डीला वर्षाला सरासरी ५ कोटी ३० लाख देणाऱ्या संघाला यूझचेकच्या रकमेत काटकसर सुचावी, हे मला पटत नाही. २०२१मध्ये त्याच्याशी केलेल्या पाच वर्षांच्या, २ कोटी ७० लाखांच्या कराराचं शेवटचं वर्ष अजून बाकी होतं. तेवढं एक वर्षही न पाळता त्याला मोकळं केलं गेलं. त्या दिवसांत तो दुसऱ्या कुठल्याही संघाकडे जाऊ शकत होता.

तो गेला असता तर? कॉलेजातून असे गडी आता तयार होऊन येत नाहीत, कारण कॉलेजचे संघही रिसीव्हर भरूनच खेळतात. नवा फुलबॅक दुसऱ्या कोणाला तरी वळवून घडवावा लागतो. बाल्टिमोरनं तीनशे पौंडांच्या पॅट्रिक रिकार्डला बचावफळीतून उचलून असाच घडवला. अशा घडवणुकीत वर्षं जातात. शॅनहनच्या चालींच्या वहीत ज्या ज्या पानावर यूझचेक आहे, ती सगळी पानं त्या वर्षी बाजूला ठेवावी लागली असती. वर्षाला ४० लाख डॉलरमध्ये संघानं ती पानं वाचवली. हा सौदा संघाच्या फायद्याचा झाला, यूझचेकच्या योग्यतेपेक्षा कमी रकमेत झाला, आणि मुळात त्याला सोडण्याची गरजच नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅकर्सविरुद्धच्या त्या सामन्यातले मुख्य क्षण यूट्यूबवर सहज सापडतात. अमेरिकन फुटबॉल कधी पाहिला नसला तरी चालेल, दहा मिनिटं काढून ते बघा. पहिल्यांदा मॉस्टर्टला मनसोक्त पाहून घ्या. मग चित्रफीत पुन्हा लावा, आणि या वेळी चेंडू सोडून लाल जर्सीतल्या ४४ क्रमांकाच्या गड्यावर नजर ठेवा.