कपाशीवरील शेंदरी बोंडअळी : दोष बियाण्याचा की आपल्या रीतीचा?

बिलोली तालुक्यातील एका गावी दिवाळीनंतर भरलेल्या शेतकऱ्यांच्या बैठकीत एका वयस्क कास्तकारांनी चार-पाच हिरवी बोंडे आमच्यापुढे ठेवली आणि विचारले, "साहेब, बाहेरून काही दिसते का बघा." बोंडे वरून निकोप होती, छिद्र नव्हते की डाग नव्हता. विळ्याने एक बोंड उभे चिरताच आत सरकी पोखरून बसलेली शेंदरी अळी निघाली. "बीटीचे बी म्हणून पैसे मोजले. आता हे बी खोटे की आम्ही खोटे?" हा त्यांचा दुसरा प्रश्न होता.

बैठकीतील बहुतेकांचे उत्तर तयार होते : दुकानदाराने फसविले. बोगस बियाणे बाजारात येतच नाही असे कोणी म्हणणार नाही. तशी शंका आल्यास पावती, पाकीट व थोडे बियाणे जपून ठेवून तक्रार अवश्य करावी. तथापि अस्सल बियाण्याच्या पऱ्हाटीवरही ही अळी आज सुखाने वाढते, ही गोष्ट आता निर्विवाद आहे. बी बदललेले नाही. अळी बदलली आहे. ती कशी बदलली, हे जीवांच्या सूक्ष्म रेणूंचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रामुळे, म्हणजे रेणवीय जीवशास्त्रामुळे, आपणास कळले. हे ज्ञान प्रयोगशाळेत पडून न राहता बांधापर्यंत पोहोचावे, असे आमचे मत आहे.

जमिनीत राहणाऱ्या एका सूक्ष्म जंतूच्या अंगी अळ्यांना मारक असे प्रथिन तयार करण्याचा गुण असतो. ह्या जंतूच्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच बीटी. त्या प्रथिनाचे जनुक कपाशीत घातल्यावर झाड स्वतःच ते प्रथिन बनविते. अळीने पान किंवा बोंड खाल्ले की प्रथिन तिच्या आतड्यात जाते आणि आतड्याच्या पेशींवरील एका ठराविक रेणूला जाऊन चिकटते. किल्ली कुलपात बसावी तसा हा प्रकार आहे. किल्ली बसली म्हणजे आतड्यास भोके पडतात व अळी मरते. बसली नाही तर प्रथिन तसेच पुढे सरकते आणि अळी खात राहते.

आपल्या देशात 2002 साली अशा कपाशीस परवानगी मिळाली, तेव्हा तिच्यात एकच मारक प्रथिन होते. 2006 मध्ये दोन प्रथिनांचे वाण आले. पहिल्या प्रथिनास दाद न देणाऱ्या शेंदरी अळ्या 2008-09 च्या सुमारास गुजरातेत आढळल्या. पुढील काही वर्षांत दुसऱ्या प्रथिनाचीही तीच गत झाली, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात शेतेच्या शेते ह्या अळीने पोखरली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही.

गावात बोलताना आपण म्हणतो, अळीला विषाची सवय झाली. तंबाखूची सवय माणसास होते, तशी ही गोष्ट नव्हे. कोणतीही अळी खाता खाता विषास सरावत नाही. कोट्यवधी अळ्यांमध्ये एखादीच्या आतड्यातील कुलूप जन्मतःच बिघडलेले असते. बीटी नसलेल्या रानात तिला त्याचा काही लाभ नसतो. सगळीकडे बीटीच पेरली की बाकीच्या मरतात, ती वाचते, आणि पुढील पिढी तिची होते. निवडीने जीवजाती पालटतात हा उत्क्रांतीचा सिद्धांत आपण पुस्तकात लाखो वर्षांच्या हिशेबाने वाचतो. येथे तो पंधरा हंगामांत आपल्याच काळ्या रानात घडला. निवड करणारेही आपणच होतो.

हे कुलूप म्हणजे नेमके काय, हे शास्त्रज्ञांनी शोधून काढले. पहिल्या प्रथिनाचे कुलूप कॅडहेरिन नावाचे आहे. भारतातील शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक अळ्यांचे डीएनए तपासले असता त्या एका जनुकाची आठ निरनिराळ्या तऱ्हांनी मोडतोड झालेली आढळली. हे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या प्रथिनाचा प्रतिकार एका वेगळ्याच जनुकातील बिघाडाशी निगडित असल्याचे 2018 मध्ये दिसून आले. आमच्या मते ह्यातील आठ हा आकडा फार बोलका आहे. बिघाड एकाच ठिकाणी उपजून सर्वत्र पसरला असता तर तो सर्वत्र एकसारखाच दिसला असता. तो अनेक रूपांनी उपजला आणि प्रत्येक रूपास आपल्या शेतांनी थारा दिला. उद्या तिसरे प्रथिन आले व आपली रीत तीच राहिली, तर तिसरे कुलूप बिघडण्यासही फार काळ लागेल असे मानण्यास आधार नाही.

आता रीतीकडे वळू. पहिल्या प्रथिनाविरुद्धचा हा प्रतिकार बहुधा अप्रभावी स्वरूपाचा असतो. म्हणजे आई व बाप दोहोंकडून बिघडलेले जनुक आले तरच अळी वाचते. एकाकडून चांगले आले तर ती बीटीवर मरते. म्हणूनच बीटीच्या कडेने साध्या कपाशीच्या पाच ओळी किंवा क्षेत्राचा पाचवा हिस्सा, ह्यांपैकी जे अधिक असेल तेवढे पेरावे असा नियम होता. त्या आश्रयाच्या ओळींतून निघालेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी संग करतात आणि त्यांची संतती पुन्हा बीटीला बळी पडते. बियाण्याच्या पाकिटाबरोबर त्यासाठी 120 ग्रॅमची निराळी पुडी मिळत असे. ती पुडी कोठे गेली, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. कोणी बांधावर टाकली, कोणी घरी पडू दिली. पुडीतील बी उगवत नसे अशी तक्रारही अनेकांनी केली, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. पण अळी पोसण्यासाठी पीक का लावावे, ह्या प्रश्नाचे पटेल असे उत्तर शेतकऱ्यास आम्हीच वेळेवर दिले नाही, हे ह्या खात्याने व आमच्यासारख्या प्रचारकांनी कबूल केले पाहिजे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. आपल्याकडे कपाशीत तुरीचे तास घालण्याची जुनी चाल आहे. हिरवी बोंडअळी तुरीवर जगते, हरभऱ्यावरही जगते. त्यामुळे तिच्यासाठी साधा आश्रय आपल्या शिवारात आपोआपच राहिला. बीटीवर तिचा उपद्रव शेंदरी अळीच्या मानाने पुष्कळ कमी राहिला, त्याचे हे एक मोठे कारण होय. शेंदरी अळीचे जीवन मात्र जवळजवळ सर्वस्वी कपाशीवर चालते. तूर तिला खाद्य नाही, म्हणून आश्रयही नाही. सगळी कपाशी बीटी झाली तेव्हा ह्या अळीपुढे दुसरे रानच उरले नाही. तूर लावली म्हणजे आश्रय झाला, असे समजणाऱ्या ग्रामसेवकांनी हा भेद नीट समजून घ्यावा.

हीच अळी अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातही होती. तेथेही बीटी कपाशी होती. पण तेथे आश्रयाच्या ओळी पाळल्या गेल्या, हंगाम संपताच ठरलेल्या तारखेच्या आत पऱ्हाट्या मोडून जमिनीत घातल्या गेल्या, शेतातील अळ्यांच्या जनुकांची वेळोवेळी तपासणी झाली आणि 2006 पासून वांझ केलेले पतंग सोडण्यात आले. 2018 मध्ये त्या देशाने आपल्या कपाशीतून शेंदरी अळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तेथील मोठी शेते आणि आपली दोन-चार एकरांची तुकड्यातुकड्यांची शेती ह्यांची तुलना करताना सावधगिरी हवी, हे खरे. तरी जंतू तोच, प्रथिन तेच आणि निकाल मात्र उलटा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

आता आश्रयाचे बी पाकिटातच मिसळून येते, त्यामुळे पुडी टाकून देण्याचा प्रश्न उरला नाही. मुख्य प्रश्न राहतो तो फरदडीचा. डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी राखली की अळीला आणखी एक-दोन पिढ्या मिळतात, आणि शेवटच्या पिढीच्या अळ्या जोडसरकीत किंवा जमिनीच्या भेगांत सुप्त राहून पुढील हंगामाची वाट पाहतात. फरदड सोडा, असे सांगणे सोपे आहे. जानेवारी-फेब्रुवारीत हाती येणारे दोन पैसे सोडणे सोपे नाही, विशेषतः सोयाबीनने दगा दिलेल्या वर्षी. पाणी असेल तेथे कपाशी वेळेवर उपटून दुसरे पीक घेता येते. पाणी नसेल तेथे शेतकऱ्याचे नुकसान होते आणि ते नुकसान आहे असे स्पष्ट म्हणावे, लपवू नये. मात्र एकट्याने फरदड सोडून उपयोग नाही. शेजारच्या रानातील पतंग बांध ओळखत नाही, मांजरेपलीकडचा पतंग राज्याची हद्दही ओळखत नाही. हा निर्णय गावाने मिळूनच घ्यावा लागेल आणि तो पेरणीपूर्वी घ्यावा लागेल.

जनुकांच्या तपासणीचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. बिघाडाच्या तऱ्हा इतक्या आहेत की ओळखीच्या दोन-तीन खुणा पाहणारी चाचणी आपल्याकडे पुरी पडत नाही; न ओळखलेली तऱ्हा तिच्या हातून निसटते. म्हणून परभणी व नागपूरच्या शास्त्रज्ञांस शेतातील माहितीची गरज आजही तितकीच आहे. ती माहिती मिळविण्याचे साधन साधे आहे : कामगंध सापळा आणि विळा. एकरी दोन सापळे लावावेत व रोज सकाळी पतंग मोजावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले तर उपाययोजनेची वेळ झाली असे समजावे. फुले लागली की डोमकळ्या शोधून नष्ट कराव्यात. बोंडे लागल्यावर दर आठवड्यास शेतातील निरनिराळ्या झाडांवरून वीस हिरवी बोंडे तोडावीत, चिरावीत, आणि किती बोंडांत अळी निघाली ते गावाच्या वहीत तारखेसह लिहावे. वीसपैकी दोनांत अळी आढळली तर फवारणीचा विचार करावा, त्याआधी नको.

त्या बैठकीतील कास्तकारांनी आणलेली सर्व बोंडे आम्ही तेथेच चिरली. पाचांपैकी तीनांत अळी होती. त्यांनी तो आकडा आपल्या हाताने वहीत लिहिला. त्या वहीतील तोच पहिला आकडा होय.