पानाचा पापुद्रा काय सांगतो?

झाशीला आतेबहिणीकडे गेले होते. किल्ला पाहून परतताना तिच्या धाकट्याने विचारले, "मावशी, या दगडात जुन्या पानांचे ठसे मिळतील का गं?"

नाही मिळणार. इथला ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी वितळलेल्या रसापासून घडला. तेव्हा जमिनीवर झाडेच नव्हती! पानांसाठी गाळाचे खडक हवेत. त्यासाठी दक्षिणेला जबलपूर-नरसिंहपूरकडे जायला हवे.

तिथे शेर नदीकाठच्या खडकांत टिलोफायलम नावाचे पान सापडते. मधला दांडा, दोन्ही बाजूंना अरुंद पात्या, अगदी पिसासारखे. बहिणीच्या अंगणातल्या सायकसशेजारी ठेवले, तर कुणीही म्हणेल, एकाच घरातली भावंडे! जुन्या अभ्यासकांनाही तसेच वाटले होते.

त्यांचा गैरसमज दूर केला तो पानाच्या पापुद्र्याने. पानावरचे मेणचट आवरण सहजी कुजत नाही. पान दबून त्याचा कोळसा होतो, पण हा पापुद्रा कोट्यवधी वर्षे टिकू शकतो. प्रयोगशाळेत तो कोळसा नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेटमध्ये ठेवतात, मग सौम्य अमोनियात. (हे घरी मुळीच करायचे नाही, बरं का!) कोळसा विरघळतो आणि पिवळसर, पारदर्शक पापुद्रा सुटा होतो. त्यावर पेशीन् पेशी उमटलेली असते.

सूक्ष्मदर्शकाखाली सायकसच्या पेशींच्या कडा बहुधा सरळ दिसतात, टिलोफायलमच्या नागमोडी. सायकसच्या श्वासरंध्राभोवती पेशींचे कडे असते. टिलोफायलमच्या रंध्राला दोनच सोबतिणी, एक या बाजूला, एक त्या. थॉमस आणि बॅन्क्रॉफ्ट यांनी १९१३ मध्ये अशा पापुद्र्यांची तुलना केली आणि दोन वेगळी कुळे स्पष्ट झाली. टिलोफायलमचे कूळ, बेनेटाइटेलीझ, आज पृथ्वीवर कुठेच उरलेले नाही. आपल्या बिरबल साहनींनी १९३२ मध्ये राजमहाल टेकड्यांतल्या जीवाश्मांवरून यातले एक अख्खे झाड उभे केले: खोड, पाने आणि चक्क फुलासारखा अवयव! सायकसला फूल कुठले?

भाच्याला सोपा प्रयोग दिला. जाडसर पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावायचे, वाळले की चिकटपट्टीने अलगद उचलायचे आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. रंध्रे दिसली म्हणून त्याचा फोन आला. आता सायकसची पाळी आहे म्हणे, फक्त ते मेले टोचते फार!