खिडकीतून निसटलेले आजोबा

शंभराव्या वाढदिवसाचा समारंभ सुरू होण्यापूर्वीच एक आजोबा वृद्धाश्रमाच्या खिडकीतून उतरून, पायांत सपाता तशाच ठेवून, पसार होतात! स्वीडिश लेखक योनास योनासन यांच्या २००९ मधील या कादंबरीने अनेक देशांतील वाचकांना हसवले.

आपल्याकडे वार्धक्य म्हटले की जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ आठवते. मुलांची वाट पाहणारे नाना-नानी आजही आहेत. ते दुःख खोटे नव्हे. परंतु तेवढेच चित्र मनावर ठसले, की वडीलधारी मंडळी ‘आता आपले काय उरले?’ म्हणू लागतात आणि तरुणांनाही ते खरे वाटते. हलकीफुलकी कथा नेमका हाच समज मोडते. तिच्यातील म्हातारा दयेचा विषय नसतो; तो खोड्या काढतो, चुकतो, उद्याचे बेत आखतो.

आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. कायदा निर्वाहभत्ता देववील. सोबत बसून हसणे देववू शकणार नाही. ते कर्तव्य घराचेच. आजोबांच्या हाती असे पुस्तक जरूर द्यावे. पण त्यांचा उद्याचा बेत काय, हेही विचारावे. घरात ऐकणारे कोणी असेल, तर खिडकीची गरज कशाला पडेल?