होमस्टेच्या वाय-फायचा पासवर्ड सगळ्यांकडे, पण पोलीस येणार कोणाच्या दारात?

मोहर्ली गेटमधून सकाळची जिप्सी बाहेर येते, पर्यटक मुक्कामावर परततात आणि चहा यायच्या आधी पहिला प्रश्न येतो : वाय-फायचा पासवर्ड काय आहे?

ताडोबाच्या गाभा क्षेत्रात सफारीला मोबाईल न्यायला मनाई आहे. त्यामुळे वाघ दिसला असो वा नसो, परतल्यावर हातात सगळ्यात आधी फोन येतो. होमस्टेचा मालकही पाहुण्याला नाही म्हणत नाही. पासवर्ड कधी जेवणाच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेला असतो. कधी मालकाचा मोबाईल नंबरच पासवर्ड असतो, म्हणजे लक्षात ठेवायला सोपा. तोच नंबर बाहेरच्या फलकावरही मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो, ही गोष्ट मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही.

पाहुणे दोन दिवसांनी निघून जातात. पासवर्ड त्यांच्या फोनमध्ये राहतो. पुढच्या आठवड्यात नवे पाहुणे येतात आणि पासवर्ड तोच असतो.

यात बिघडतं काय? नेट तर अनलिमिटेड आहे. पण १८ वर्षांपूर्वी, २००८ साली, नवी मुंबईतल्या एका घरात याचं जे उत्तर मिळालं, ते आजही लागू पडतं.

सानपाड्याच्या त्या घरात काय झालं होतं?

२६ जुलै २००८, शनिवारची संध्याकाळ. अहमदाबादमध्ये एकापाठोपाठ एक बॉम्बस्फोट झाले. त्यात ५६ जणांचा जीव गेला. स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाने वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. तो कुठून आला, याचा माग काढताना तपास यंत्रणांना एक आयपी पत्ता मिळाला. आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळालेला क्रमांक. ही जोडणी सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या नावावर होती.

महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने त्याची चौकशी केली, त्याचे संगणक तपासणीसाठी घेतले. दारात कॅमेरे लागले. स्फोटांच्या कटात सामील असल्याचा संशय एखाद्यावर येणं काय असतं, ते त्या कुटुंबाने अनुभवलं. नंतर जे समोर आलं ते अगदी साधं होतं. त्याच्या राउटरचं वाय-फाय सुरक्षित नव्हतं आणि दुसऱ्याच कोणीतरी ते वापरून ईमेल पाठवला होता.

या पथकाचे तेव्हाचे प्रमुख होते हेमंत करकरे. चंद्रपूरच्या जुन्या लोकांना हे नाव वेगळ्या कारणाने आठवेल. नव्वदच्या दशकात ते याच जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक होते आणि इथल्या जंगलातली वाळलेली लाकडं गोळा करून त्यांतून शिल्पं घडवायचे.

प्रकरण सानपाड्यावर थांबलं नाही. २३ ऑगस्टला आणखी एक ईमेल गेला, तो माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वाय-फायवरून. १३ सप्टेंबरला, दिल्लीतल्या स्फोटांच्या सुमारास, तिसरा गेला. त्याचा माग चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीपर्यंत पोहोचला. तीन ठिकाणं, तीन वेगळे मालक, आणि तिघांचाही कटाशी संबंध नाही. ऑक्टोबरमध्ये मुंबई गुन्हे शाखेने काही जणांना अटक केली. त्यांत पुण्यात काम करणारे सॉफ्टवेअर क्षेत्रातले तरुणही होते. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, लॅपटॉप घेऊन फिरायचं आणि उघडं वाय-फाय सापडलं की तिथून ईमेल पाठवायचा, अशी ही पद्धत होती.

आधीचे असे ईमेल सायबर कॅफेतून गेले होते. कॅफेवर नजर वाढली, नोंदवही आली, ओळखपत्र मागितलं जाऊ लागलं. मग नोंदवही नसलेली जागा शोधली गेली, आणि ती होती लोकांची घरं.

जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन शहरात उघडी वाय-फाय शोधण्याची मोहीम जाहीर केली. फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा कंपन्यांना वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत सूचना दिल्या. हळूहळू राउटर पासवर्डसकटच घरी येऊ लागले. आज पूर्ण उघडं वाय-फाय क्वचितच सापडतं.

मग प्रश्न सुटला का?

अर्धाच. तेव्हा दाराला कुलूप नव्हतं. आता कुलूप आहे, पण किल्ली गावभर वाटलेली आहे. पर्यटनाच्या गावात तर ती राज्यभर, देशभर वाटली जाते. नागपूर, पुणे, मुंबई, हैदराबादचे पाहुणे मोहर्लीत एक-दोन रात्री राहतात आणि पासवर्ड सोबत घेऊन जातात. अँड्रॉइड फोनमध्ये सेव्ह केलेलं वाय-फाय क्यूआर कोड दाखवून दुसऱ्याला देता येतं, त्यासाठी मालकाला विचारावं लागत नाही. म्हणजे पाहुण्याने जिप्सीच्या ड्रायव्हरला दिलं, ड्रायव्हरने मित्राला दिलं, तरी मालकाला पत्ता लागत नाही.

बाहेरच्या जगाला या सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो. राउटरला जोडलेले दहा फोन आतमध्ये वेगवेगळे असतात, पण बाहेर पडताना सगळे एकाच आयपी पत्त्याने जातात. पोलिसांनी कंपनीकडे विचारणा केली की कंपनी त्या पत्त्यामागच्या ग्राहकाचं नाव सांगते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांना अशा नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. या नोंदींतून ‘ही जोडणी अमुकची’ एवढं कळतं. त्या घरातल्या कोणत्या फोनवरून काय गेलं, ते कळत नाही. ते फार तर राउटरला माहीत असतं, आणि घरगुती राउटरच्या नोंदी वीज गेली की बहुधा पुसल्या जातात. मोहर्लीत पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे वेगळं सांगायला नको.

जोडणी नावावर आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, हे खरं. पण पहिली थाप त्याच दारावर पडते. फोन, लॅपटॉप तपासणीसाठी जातात. होमस्टे चालवणाऱ्याचा फोन म्हणजे त्याचं बुकिंग, त्याचे यूपीआयचे पैसे, त्याचा धंदा. ऐन हंगामात तो महिनाभर पोलीस ठाण्यात जमा झाला, तर निर्दोष ठरूनही नुकसान भरून येत नाही. गुन्हाही दहशतवादाचाच असायला हवा असं नाही. ऑनलाइन फसवणूक, कोणाचा आक्षेपार्ह फोटो, खोट्या खात्यावरून धमकी, यातलं काहीही पुरतं.

पासवर्ड दिला नाही तरी कोणी आत येऊ शकतं का?

येऊ शकतं, आणि इथे मोबाईल नंबरचा पासवर्ड अंगाशी येतो.

फोन वाय-फायला जोडला जातो तेव्हा फोन आणि राउटर एकमेकांची ओळख पटवतात. ही देवाणघेवाण जवळ उभा असलेला माणूस लॅपटॉपवर टिपून घेऊ शकतो. त्यात पासवर्ड थेट नसतो, पण अंदाज बरोबर आहे की नाही हे त्यावरून तपासता येतं, तेही घरी जाऊन, सावकाश. भारतातला मोबाईल नंबर दहा आकडी असतो आणि ६ ते ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ऐकायला हा आकडा अफाट वाटतो. पण गेमिंगच्या संगणकातलं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख अंदाज तपासतं. पाच लाखांचा वेग धरला तर ४०० कोटी शक्यता सव्वादोन तासांत संपतात. अर्थात नंबर फलकावरच लिहिलेला असेल, तर एवढाही त्रास नको.

याउलट चार-पाच असंबद्ध शब्दांचा पासवर्ड, समजा ‘पळस-डबा-सायकल-ढग-तेरा’ असा इंग्रजी अक्षरांत लिहिलेला, पाहुण्याला सांगायलाही सोपा आणि संगणकाला फोडायला फार अवघड. (हाच ठेवू नका, तो आता छापून आला आहे.)

दुसरा चोरदरवाजा म्हणजे डब्ल्यूपीएस. राउटरवरचं बटण दाबून पासवर्ड न टाकता फोन जोडायची ही सोय आहे. तिच्यात आठ आकडी पिनचाही पर्याय असतो. राउटर हा पिन दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे तो शोधायला जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ च्या डिसेंबरात उघड झालं. नव्या राउटरमध्ये यावर बंधनं आली आहेत, जुन्यांत नाहीत. ही सोय वापरत नसाल तर बंद करणं उत्तम.

राउटरचा दुसरा पासवर्ड

बहुतेकांना एकच पासवर्ड माहीत असतो, वाय-फायचा. राउटरला आणखी एक पासवर्ड असतो, तो त्याच्या सेटिंग्जमध्ये शिरण्याचा. जोडणी करून देणारा माणूस तो सहसा बदलत नाही, आणि कित्येक राउटरवर तो ‘अ‍ॅडमिन’ असाच असतो. वाय-फायवर आलेला कोणताही पाहुणा तो टाकून पाहू शकतो.

जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांना याचा फटका बसला. मूळचा ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड न बदललेल्या मोडेममध्ये मालवेअर शिरलं आणि त्यांचं नेट बंद पडलं. शेवटी पासवर्ड बदला, असं बीएसएनएललाच ग्राहकांना सांगावं लागलं. त्याआधी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने जगभरातले असेच मूळ पासवर्ड असलेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट ठप्प केल्या होत्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना आपला कॅमेरा हल्ल्यात सामील आहे, याची कल्पनाही नव्हती.

नेट बंद पडलं तर निदान कळतं. सेटिंग्जमध्ये शिरलेल्याने राउटरचा डीएनएस बदलला, तर ते लक्षातही येत नाही. डीएनएस म्हणजे वेबसाइटचं नाव घेतल्यावर तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा. ती बदलली की तुम्ही नेहमीच्या बँकेचं नाव टाइप करता आणि पोहोचता भलत्याच पानावर. बँकेच्या अ‍ॅपमधली देवाणघेवाण कूटबद्ध असते, त्यामुळे शेजारी वाय-फायवर आला म्हणून यूपीआय पिन त्याला दिसत नाही. ती भीती अवास्तव आहे. पण ब्राउझरने दिलेला धोक्याचा इशारा डावलून पुढे जाणारे लोक कमी नाहीत.

होमस्टेवाल्याने नेमकं करायचं काय?

सगळ्यात उपयोगाची सोय बहुतेक नव्या राउटरमध्ये आधीच असते : गेस्ट नेटवर्क. एकाच राउटरवरून दोन नावांची वाय-फाय सुरू होतात. एक घरच्यांसाठी, दुसरं पाहुण्यांसाठी. पाहुण्यांच्या वाय-फायवरून घरचा संगणक, प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर दिसत नाही. ‘पाहुण्यांना स्थानिक नेटवर्क वापरू द्या’ असा पर्याय दिसला तर तो मात्र बंद ठेवायचा, नाहीतर वेगळं करून उपयोग काय?

पण गेस्ट नेटवर्कची एक मर्यादा कोणी सांगत नाही. बाहेर जाताना आयपी पत्ता एकच राहतो. म्हणजे घरची उपकरणं वाचली, तरी पोलीस मालकाच्याच दारात येणार. त्यावरचा उपाय तंत्रज्ञानात कमी आणि वहीत जास्त आहे. मुक्कामी येणाऱ्याचं नाव आणि ओळखपत्र होमस्टेवाले तसंही नोंदवतात. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत कळवावीच लागते. त्याच नोंदवहीत पाहुण्यांच्या वाय-फायचा पासवर्ड कोणत्या तारखेला बदलला, एवढी एक ओळ वाढवायची. पासवर्ड दर आठवड्याला बदलला, तर उद्या कोणी विचारल्यावर ‘त्या दिवशी हा पासवर्ड फक्त या सहा जणांकडे होता’ असं मालक दाखवू शकतो. पासवर्ड तीन वर्षं तोच असेल, तर दाखवायला काहीच नसतं.

उरलेली कामं एकदाच करायची आहेत. सेटिंग्जमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवायचा. यादीत डब्ल्यूईपी दिसलं तर ते निवडायचं नाही, ते वीस वर्षांपूर्वीच निकामी झालं आहे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलायचा. बाहेरून राउटर चालवण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद करायची. फर्मवेअरचं अपडेट आलं असेल तर घ्यायचं. वाय-फायचं नाव लपवण्याचा सल्लाही अनेक जण देतात, पण त्याने फारसं काही साधत नाही. लपवलेलं नाव शोधणारी साधनं फुकट मिळतात आणि त्रास पाहुण्यांनाच होतो.

हे सगळं करायला पावसाळा बरा. १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत ताडोबाचं गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद असतं, गर्दी ओसरलेली असते. १ ऑक्टोबरला गेट उघडायच्या आधी नवे पासवर्ड लावून टाकता येतात.

आपल्या वाय-फायवर अनोळखी फोन दिसला, तर आधी पासवर्ड बदलावा, म्हणजे जोडलेले सगळे आपोआप बाहेर पडतात. फसवणूक झाली असेल तर १९३० हा सायबर हेल्पलाइन क्रमांक आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये अप्रामाणिकपणे किंवा कपटाने शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. कलम ६६ नुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि एक. नेट बंद पडल्यावर दुरुस्तीला आलेला माणूस कधीकधी मागच्या बारीक छिद्रात काडी घालून राउटर रिसेट करतो. नेट सुरू होतं, पण सगळ्या सेटिंग्ज कारखान्यातून आल्या तशा होतात आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड पुन्हा ‘अ‍ॅडमिन’ होतो. तो माणूस निघायच्या आधी त्याच्यासमोरच नवा पासवर्ड लावून घ्यावा.